मागाची हद्द

चोराच्या पावलांचा माग ज्या गावाच्या शिवेत येऊन हरवला, त्या गावाने चोरीस गेलेल्या मालाची भरपाई करावी, हा शिरस्ता आपल्या मुलखात इंग्रजी अंमल स्थिर होण्यापूर्वी पिढ्यानुपिढ्या चालत आलेला होता. मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या मुलखाविषयी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात गावगाड्याचे वर्णन करताना त्याने गावराखणीच्या या रीतीची दखल घेतली आहे. चोरी झाली, की जागल्याने पावले हेरीत निघावे, माग आपल्या शिवेपर्यंत न्यावा, शेजारच्या गावच्या जागल्यास पावले त्याच्या हद्दीत शिरल्याची खात्री पटवून द्यावी, आणि मग तो माग व त्याबरोबरची जबाबदारी त्याच्या स्वाधीन करून मोकळे व्हावे. परंतु माग आपल्याच शिवेत संपला आणि चोर हाती लागला नाही, तर मालाची किंमत प्रथम जागल्याने आपल्या ऐपतीप्रमाणे आणि उरलेली सगळ्या गावाने भरून द्यावी, अशी ती व्यवस्था होती. तिच्यात अन्यायही होता, आणि तो नजरेआड करणे मला योग्य वाटत नाही. ज्याच्या झोपडीत चोरून नेण्यासारखे काहीच नाही, त्या महाराने अथवा रामोशाने गावातील सधनाच्या पेटीची किंमत आधी भरावी, यात न्यायबुद्धीपेक्षा बळाचाच भाग अधिक. तथापि तिच्या मुळाशी असलेला एक विचार मला फार मोलाचा वाटतो. ज्याचा माल गेला त्यानेच चोर दाखवून द्यावा, अशी अट त्या व्यवस्थेने कधी घातली नाही. राखण ज्याच्याकडे, जाबही त्याच्याचकडे.

हा विचार एल्फिन्स्टनच्या काळाहून पुष्कळच जुना आहे. चोरांनी हरण केलेले द्रव्य राजाने प्रजाजनास परत दिले पाहिजे, असे याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात सांगितले आहे; गावात चोरी झाली आणि चोर बाहेर गेल्याची खूण मिळाली नाही तर दोष ग्रामपालावर येतो, हेही तेथेच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर दोन गावांच्या मधल्या ओसाड जागेत माल गेला तर कोणत्या अधिकाऱ्याने जबाब द्यावा, याचाही बंदोबस्त करून ठेवलेला आढळतो. कोणाच्याच मालकीची नाही अशी एक तसूभरही जमीन वाटसरूच्या वाटेवर राहू नये, ही त्या शास्त्रकारांची दक्षता पाहिली म्हणजे मन आदराने भरून येते.

हे सारे ग्रंथ मी पुनः उघडले त्यास निमित्त एका लहानशा पेटीचे झाले. शिरसाड फाट्यावरून वज्रेश्वरीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचे चांदीप गाव आहे. आज ते वसई-विरारच्या अवाढव्य पसाऱ्याच्या कडेला येऊन टेकले असले, तरी भातशेती, विटभट्ट्या आणि तुंगारेश्वराच्या डोंगराची हिरवी भिंत यांमुळे त्याचे गावपण अद्यापि पुसलेले नाही. माझी धाकटी बहीण मस्कतच्या एका रुग्णालयात परिचारिका म्हणून पुष्कळ वर्षे नोकरी करून, तिकडचा संसार आवरून कायमची परत आली. मोठ्या बॅगांत कपडे आणि भांडी, आणि हातातल्या लहान पेटीत जिवापाड जपायच्या वस्तू, अशी तिने सामानाची वाटणी केली होती. आणि शहाण्या प्रवाशाने करावी तशीच ती होती. परंतु विमानाच्या दाराशी पोहोचल्यावर वरचे कप्पे भरले आहेत, ही पेटी खाली सामानाच्या कक्षात द्यावी लागेल, असे तेथील कर्मचाऱ्याने तिला सांगितले. पेटीत चांदीची वस्तू आहे, असे तिने स्पष्ट शब्दांत बजावले. मुंबईला पट्ट्यावर सुखरूप मिळेल, असे उत्तर तिला मिळाले. पेटीच्या मुठीला कागदी बिल्ला अडकवला गेला, त्याचा तुकडा तिच्या हाती आला, आणि पेटी तिच्या डोळ्यांसमोरून नेली गेली.

मुंबईत पट्ट्यावर ती मिळाली खरी, परंतु उचलताच हलकी लागली. कुलूप जागच्या जागी होते आणि चेनही लागलेली होती. चेनीच्या दातांत बॉलपेनचे टोक खुपसले की ती मधोमध उकलते, आतले हवे ते काढून घेतल्यावर कुलूपबंद सरक एकदा इकडून तिकडे फिरवली की दात पूर्ववत जुळतात, आणि कुलपाला धक्काही न लावता पेटी रिकामी होते, ही गोष्ट विमानतळावर काम करणाऱ्या माणसांना ठाऊक असते. प्रवाशांना बहुधा ठाऊक नसते. भावासाठी आणलेले मनगटी घड्याळ, भाचीसाठी घेतलेला टॅबलेट, अत्तराच्या दोन बाटल्या आणि आमच्या आईचा चांदीचा करंडा, इतक्या वस्तू गेल्या होत्या. खजुराचा डबा तेवढा तसाच होता.

सुदैवाने तिने पट्ट्याजवळून पाय उचलण्यापूर्वीच पेटी उघडून पाहिली आणि विमान कंपनीच्या खिडकीवर जाऊन सामानाच्या तक्रारीचा जो छापील नमुना असतो, ज्याला त्या खात्यात पी. आय. आर. म्हणतात, तो भरून घेतला. खिडकीवरील कारकुनाने तो नमुना फाटक्या-तुटक्या बॅगांसाठी आहे, आतल्या वस्तूंसाठी नाही, असे सांगून पाहिले. रुग्णालयात रोग्याच्या उशाशी उभे राहून प्रत्येक गोष्टीची वेळेसह नोंद करण्याची सवय जडलेल्या माझ्या बहिणीने त्याला शांतपणे सांगितले, की मला उत्तर आज नको, नोंद मात्र आज हवी. माझ्या मते या सबंध प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच होय. ते किती महत्त्वाचे, हे समजण्यासाठी इंग्लंडातील एका खटल्याची हकिकत सांगणे अवश्य आहे.

१९७५ च्या मार्च महिन्यात एक गृहस्थ रोमहून लुटन येथे मोनार्क एअरलाइन्सच्या विमानाने परतले. त्यांची बॅग फाटलेली होती, म्हणून त्यांनी विमानतळावरच बॅगेच्या नुकसानीची नोंद केली. घरी गेल्यावर आतले सदरा, सपाता आणि लोकरीचा कोट असे काही कपडे नाहीसे झाल्याचे त्यांच्या ध्यानात आले. त्यांची किंमत साडेसोळा पौंड. ही दुसरी गोष्ट त्यांनी आपल्या विमा कंपनीस कळवली; विमान कंपनीस मात्र सात दिवसांच्या आत लेखी कळवली गेली नाही. फाटलेल्या बॅगेचे पैसे कंपनीने दिले. साडेसोळा पौंडांविषयी मात्र तिचे म्हणणे असे पडले, की आंतरराष्ट्रीय करारात नुकसानीची तक्रार सात दिवसांत करण्याची अट आहे, ती पाळली गेली नाही. प्रवाशाचे म्हणणे असे, की ती अट मोडतोडीला लागू आहे. माझ्या वस्तू मोडल्या नाहीत, गेल्या आहेत. खालच्या न्यायालयाने आणि अपील न्यायालयाने प्रवाशाच्या बाजूने कौल दिला. परंतु १९८० साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, कराराचा फ्रेंच मसुदा, तज्ज्ञांची भाष्ये आणि करार करणाऱ्या परिषदेतील चर्चेची टिपणे यांची छाननी करून असा निर्णय दिला, की बॅगेतील काही वस्तू गेल्या तर ते बॅगेचे नुकसानच समजावे आणि त्यास सात दिवसांची मुदत लागू धरावी. एका सदऱ्यासाठी आणि सपातांसाठी इंग्लंडातील श्रेष्ठ न्यायाधीश बसले, ही गोष्ट कोणास क्षुल्लक वाटेल. मला ती उदात्त वाटते, कारण न्यायाची कसोटी रकमेच्या आकारावर लागत नाही. परंतु निकाल त्या गृहस्थाच्या विरुद्ध गेला, तो केवळ मुदतीपायी, हे विसरता येत नाही. वस्तू गेल्या होत्या, राखण कोणाची हेही निर्विवाद होते. उणे होते ते वेळेवर दिलेले एक पत्र.

विमानाने जाणाऱ्या सामानाचा कायदा जेथून सुरू होतो तो करार १२ ऑक्टोबर १९२९ रोजी वॉर्सा येथे झाला. त्या करारातील भरपाईचे कलम वाचताना माझ्यासारख्या खेड्यात वाढलेल्या माणसास एक विलक्षण कुतूहल वाटले. सामानाची जबाबदारी दर किलोमागे २५० सुवर्ण फ्रँक, आणि एक फ्रँक म्हणजे ९०० कसाचे साडेपासष्ट मिलिग्रॅम सोने, असे त्यात मोजमाप घातलेले आहे. हिशेब मांडला तर दर किलोस पावणेपंधरा ग्रॅमच्या आत-बाहेर शुद्ध सोने होते, म्हणजे आपल्या तोलाने जवळजवळ सव्वा तोळा. चलनाचा भाव चढेल, उतरेल, राष्ट्रांच्या सरकारांवर विश्वास राहील न राहील, परंतु प्रवाशाला दिलेले वचन सोन्यात असावे, ही त्या दोन महायुद्धांमधल्या पिढीची भावना त्यातून प्रकट होते. पुढे तेच सोने कराराच्या आड आले. सोन्याचा अधिकृत भाव आणि बाजारभाव यांची फारकत झाल्यावर कोणता भाव धरावा हा वाद निघाला, आणि १९७९ साली फिलाडेल्फियाहून लंडनकडे निघालेली नाण्यांची चार पुडकी गहाळ झाली तेव्हा तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नाण्यांच्या धन्याने सोन्याचा चालू भाव मागितला. १९८४ साली न्यायालयाने जुन्या अधिकृत भावावर बसवलेली, दर पौंड वजनास ९ डॉलर ७ सेंट इतकी मर्यादाच कायम केली. सव्वा तोळ्याचे वचन अशा रीतीने किलोमागे वीस डॉलरांवर येऊन थांबले.

आपल्याकडे वॉर्साचा करार १९३४ च्या कायद्याने आला, १९७२ च्या विमानवाहतूक कायद्याने त्यास नवे रूप दिले, आणि २००९ साली भारताने १९९९ चा माँट्रियल करार स्वीकारल्यावर त्याच कायद्यास तो परिशिष्ट म्हणून जोडला गेला. या नव्या कराराने वजनाचा हिशेबच काढून टाकला. पेटी सात किलोची असो वा तीस किलोची, प्रत्येक प्रवाशामागे एक कमाल मर्यादा, ती सोन्यात नव्हे तर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने पाच चलनांवरून ठरवलेल्या विशेष आहरण अधिकार नावाच्या हिशेबी एककात. आरंभी १,०००, मग १,१३१, मग १,२८८, आणि २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एकके, म्हणजे अदमासे पावणेदोन लाख रुपये. देशांतर्गत प्रवासास ही मर्यादा लागू नाही. तेथे प्रवाशामागे २०,००० रुपये ही कमाल आहे, आणि मुंबईहून नागपूरला जाणाऱ्याची पेटी मुंबईहून मस्कतला जाणाऱ्याच्या पेटीपेक्षा इतकी स्वस्त का असावी, याचे समाधानकारक कारण मला अद्यापि कोणी सांगितलेले नाही. मर्यादा म्हणजे ठरीव रक्कम नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०२० साली हे निःसंदिग्धपणे सांगितले, की प्रवाशाने आपले नुकसान दाखवावे आणि मर्यादेच्या आत जेवढे सिद्ध होईल तेवढे घ्यावे.

परंतु रकमेपेक्षाही मला त्या करारातील दोन कलमे अधिक थोर वाटतात. सामान कंपनीच्या ताब्यात असताना गेले, एवढे दाखवले की सतराव्या कलमाने कंपनी बांधली जाते. कोणाच्या हातून गेले, कोणाच्या हयगयीने गेले, हे प्रवाशाने सिद्ध करावयाचे नाही. आणि छत्तिसाव्या कलमाने, एकामागून एक अनेक कंपन्यांनी प्रवास घडवला असेल तर पहिली कंपनी, शेवटची कंपनी आणि जिच्या टप्प्यात माल गेला ती कंपनी, यांपैकी कोणासही प्रवाशाने जाब विचारावा, त्या सर्व एकत्र व स्वतंत्रपणे उत्तरदायी आहेत. आपल्याकडे पूर्वी हुंडेकरी असत. वाटेवरच्या सगळ्या चौक्या, जकाती आणि घाट आपल्या शिरावर घेऊन ते ठरल्या ठिकाणी माल पोहोचवण्याचा करार करीत, आणि धन्याला मधल्या कोणाशीही बोलावे लागत नसे. माँट्रियलच्या कराराने प्रवाशाला पुनः तो हुंडेकरी मिळवून दिला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

व्यवहारात मात्र अजूनही शिवेवरचा जुनाच वाद चालतो. बहिणीच्या पत्रास पहिले उत्तर असे आले, की पेटी मस्कतच्या विमानतळावर दुसऱ्या संस्थेच्या माणसांनी हाताळली, मुंबईत तिसऱ्या, तेव्हा चौकशी त्यांच्याकडे करावी. त्या संस्थेकडे पत्र गेले. तिने सुरक्षा यंत्रणेकडे बोट दाखवले. कोणी सीमाशुल्क खात्याचे नाव घेतले. प्रत्येकाने पावले आपल्या हद्दीतून बाहेर गेल्याचे सांगितले, परंतु पलीकडच्या जागल्याला बोलावून खात्री पटवून देण्याचे जे काम पूर्वी निरक्षर माणूस करी, ते एवढ्या मोठ्या संस्थांपैकी एकीनेही केले नाही. वस्तुतः आजच्या काळात माग काढणे अधिक सोपे आहे. विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या ७५३ क्रमांकाच्या ठरावाने जून २०१८ पासून प्रत्येक सामानाची चार ठिकाणी नोंद ठेवावयाची आहे: प्रवाशाकडून ताब्यात घेताना, विमानात चढवताना, एका विमानातून दुसऱ्याकडे सोपवताना, आणि प्रवाशास परत देताना. याच त्या चार शिवा. बिल्ल्यावरच्या दहा आकड्यांमागे वेळ आणि ठिकाण उमटत जाते. ती नोंद कंपनीच्या दप्तरी असते, आणि प्रवाशाने मागितल्याखेरीज ती बाहेर येत नाही. म्हणून ती लेखी मागावी, असा माझा आग्रह आहे.

येथे मला जरा थांबून त्या माणसांविषयी बोलावेसे वाटते, ज्यांच्यावर अशा वेळी सर्वांचा संशय प्रथम जातो. विरार, नालासोपारा, वसई येथून पहाटेच्या लोकलने अंधेरीस उतरून विमानतळावर लोडर म्हणून राबणारी कितीतरी मुले आमच्या भागात आहेत. आमच्या गावातही आहेत. मोठ्या विमानांत सामान बंद डब्यांत भरून चढते, परंतु लहान विमानांत ते पुष्कळदा सुटेच असते, आणि ते रचण्यासाठी माणसाला पोटातल्या त्या बुटक्या कक्षात गुडघ्यांवर, वाकलेल्या पाठीने, उन्हाळ्यात भट्टीसारख्या उष्म्यात सरकत जावे लागते. ती नोकरीही बहुधा ठेकेदाराकडची असते. त्या अंधाऱ्या कक्षातच पेट्या उकलल्या जातात, असे पोलिसांनी अनेकदा उघड केलेल्या प्रकरणांवरून दिसते, आणि ते मी नाकारीत नाही. पण एका चोरामागे शंभर निरपराध पोरांची झडती होते, त्यांचे खिसे उलटे केले जातात, आणि ठेका संपला की संशयाचा शेरा सोबत घेऊन ती घरी येतात. कंपनीने भरपाई द्यावी, असा माझा हट्ट आहे त्याचे एक कारण हेही आहे. जोवर नुकसान प्रवाशाच्या माथी राहते, तोवर कंपनीस देखरेख वाढवण्याची, कक्षात प्रकाश आणि कॅमेरे बसवण्याची, ठेकेदारास जाब विचारण्याची निकड भासत नाही. आणि तोवर प्रवाशाचा राग त्या गुडघ्यांवर सरकणाऱ्या मुलावरच जाऊन आदळतो. जागल्याच्या झोपडीवर पडणारा जुना बोजा आज आपण त्याच्यावर टाकीत आहोत. तो उचलून ज्याने भाडे घेतले त्याच्यावर ठेवणे, हा माँट्रियलच्या कायद्याचा खरा पुरुषार्थ आहे. बहिणीने पोलिसांत फिर्याद दिली, ती द्यावयासच हवी होती. पण कंपनीकडे केलेल्या मागणीत तिने कोणत्याही कामगारावर आरोप केला नाही, आणि त्यामुळे तिच्या मागणीचे बळ तिळभरही कमी झाले नाही.

कंपनीचे दुसरे उत्तर अधिक धीट होते. तिकिटाच्या शर्तींनुसार मौल्यवान वस्तू, दागिने, चांदी, विजेची उपकरणे यांची जबाबदारी कंपनी घेत नाही, सबब मागणी नामंजूर. या उत्तरापुढे हजारो प्रवासी हात टेकतात. कागद सुबक असतो, शर्तीचा क्रमांक दिलेला असतो, आणि आपणच काही गैर केले असावे असे माणसाला वाटू लागते. परंतु माँट्रियल कराराचे सव्विसावे कलम असे आहे, की कंपनीस तिच्या दायित्वातून मुक्त करणारी किंवा करारातील मर्यादेहून कमी मर्यादा ठरवणारी कोणतीही शर्त रद्दबातल समजावी. आमच्या वकिलांनी हे कलम दाखवून नोटीस पाठवली, आणि तिच्यात इतकेच जोडले, की पेटी प्रवाशाने आपखुशीने सोपवली नव्हती. ती हातात घेऊन जाण्याचा हक्क असताना, आत काय आहे हे सांगितलेले असताना, कंपनीच्या सोयीसाठी तिच्या हातून घेण्यात आली. हातची पेटी आणि सोपवलेली पेटी यांत कायदा मोठा भेद करतो. रेल्वेच्या डब्यात प्रवाशाने स्वतःपाशी बाळगलेली रोकड चोरीस गेली तर तो रेल्वेच्या सेवेतील दोष म्हणता येत नाही, असे २०२३ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आहे. जी वस्तू ज्याच्या हाती, तिची राखण त्याची, हेच तत्त्व त्यामागे आहे. मग विमानाच्या दाराशी बिल्ला अडकवून जी पेटी कंपनीने हाती घेतली, तिची राखण कोणाची, हे त्याच तत्त्वाने ठरते.

येथून वज्रेश्वरीचे देऊळ जवळ आहे. वसईचा किल्ला हाती यावा म्हणून चिमाजी अप्पांनी देवीला केलेल्या नवसातून ते उभे राहिले, असे आमच्याकडे लहानपणापासून सांगतात. त्या १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांची फार मोठी प्राणहानी झाली होती, सूड घेण्याजोगा क्रोध मनात असणे स्वाभाविक होते. तथापि मे महिन्यात तह झाला तेव्हा फिरंग्यांना आपली बायकामुले व जंगम मिळकत घेऊन आठ दिवसांच्या मुदतीत निघून जाण्याची मोकळीक देण्यात आली. हरलेल्या शत्रूचे गाठोडेदेखील वचनाच्या संरक्षणाखाली बाहेर पडले. ज्या वसईत असे घडले, तेथल्या माणसाने भाडे भरून नेलेल्या पेटीबद्दल याचनेच्या स्वरात लिहावे, हे मला सहन होत नाही. म्हणून बहिणीच्या पत्रांतून कृपा, विनंती, सहानुभूती हे शब्द मी काढून टाकले आणि त्यांच्या जागी कलमांचे आकडे घातले.

नोटिशीनंतर कंपनीने घड्याळ आणि टॅबलेट यांची पावतीप्रमाणे किंमत देण्याची तयारी दाखवली. अत्तराच्या पावत्या मिळाल्या नव्हत्या, करंड्याची असण्याचा प्रश्नच नव्हता. रकमेबरोबर सहीसाठी जो कागद आला, त्यात कंपनी कोणतीही जबाबदारी मान्य करीत नाही, आणि ही रक्कम स्वीकारल्यावर या प्रवासासंबंधीचे सर्व हक्क प्रवाशाने सोडले असे समजण्यात येईल, अशी दोन वाक्ये होती. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत सही करून मोकळे व्हावे असे पडले, आणि त्यांचा अनुभव मी हलका लेखीत नाही; कोर्टकचेरीचे वर्षानुवर्षांचे हेलपाटे त्यांनी पाहिले आहेत. बहीण म्हणाली, “दादा, घड्याळ परत घेता येईल. करंडा आईचा होता, आणि तो माझ्या हातून त्यांनी घेतला. त्याचं नावच ज्या कागदावर नाही, त्यावर मी सही करणार नाही.”

मग पावती नसलेल्या वस्तूचे अस्तित्व सिद्ध करण्याचे काम सुरू झाले. कंपनीच्या नमुन्यात खरेदीची तारीख, दुकानाचे नाव, मूळ किंमत असे रकाने असतात. आईच्या वस्तूंना असे रकाने नसतात. त्या आजीकडून आईकडे, आईकडून मुलीकडे येतात, आणि त्यांचा दस्तऐवज म्हणजे घरातली स्मृती. परंतु शोधले तर स्मृतीलाही कागद सापडतात. बहिणीच्या लग्नातील एका छायाचित्रात आई हळदीकुंकवाचे तबक घेऊन उभी आहे आणि तबकात तो करंडा, झाकणावरच्या मोरासकट, स्वच्छ दिसतो. विरारच्या ज्या सोनाराकडे तो उजळा देण्यासाठी जात असे, त्याच्या जुन्या वहीत त्याचे वजन तोळ्या-माशांत लिहिलेले निघाले. तो सोनार आता वृद्ध आहे, तरी त्याने आपण होऊन प्रतिज्ञापत्र करून दिले. मस्कतला तिच्या खोलीत राहणाऱ्या केरळच्या परिचारिकेने आपण पेटी भरताना समोर होतो, करंडा मऊ फडक्यात गुंडाळून मधोमध ठेवला होता, असे लिहून पाठवले. ग्राहक आयोगापुढे पुरावा मुख्यतः प्रतिज्ञापत्रांवरच चालतो, आणि म्हणून अशा साध्या माणसांच्या साध्या शब्दांना तेथे वजन आहे.

पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले तेव्हा, १९७४ च्या सुमारास, गिऱ्हाइकाने दुकानदारास जाब विचारावा ही कल्पनाच अनेकांना उर्मट वाटत असे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा यांच्यामागे अशा कार्यकर्त्यांचे कष्ट आहेत. नव्या कायद्याने तक्रारदाराला स्वतः जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगात दाद मागता येते, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क लागत नाही. कंपनी परदेशी असल्याने तिच्यावर येथे तक्रार चालेल काय, अशी शंका घरात निघाली होती. परंतु मुंबईहून दारेसलामला पाठवलेला माल फार उशिरा पोहोचल्याच्या प्रकरणात, २०११ साली, सर्वोच्च न्यायालयाने इथिओपियन एअरलाइन्सविरुद्ध ग्राहक मंचापुढे तक्रार चालू शकते, असा निर्णय देऊन ठेवला आहे. माँट्रियल करारातील दोन वर्षांची मुदत संपण्यास पुष्कळ अवकाश होता.

तक्रारीत करंड्याची किंमत किती घालावी, यावर वकील आणि बहीण यांचा थोडा मतभेद झाला. वकिलांचे म्हणणे, मायेच्या वस्तूसाठी मोठी रक्कम मागावी, आयोग कमी करील ते करील. तिने चांदीचे वजन, त्या दिवसाचा भाव आणि आजच्या दराने घडणावळ, एवढेच मांडू दिले. त्यावर तक्रारीचा खर्च आणि पत्रव्यवहारात झालेल्या त्रासाची बेताची रक्कम. आईच्या आठवणीची किंमत कंपनीकडून घ्यावयाची नाही, असे ती म्हणाली, आणि तिचे म्हणणे मला सर्वस्वी पटले. तक्रार दाखल झाली आहे. पहिल्या तारखेस कंपनीतर्फे वकील हजर राहिले व कैफियत देण्यासाठी त्यांनी मुदत मागितली. कायद्याने अशी मुदत ३० दिवस आणि आयोगाने दिल्यास आणखी १५ दिवस, याहून अधिक देता येत नाही, असे घटनापीठाने २०२० साली सांगितले आहे. वकिलांनी चार टप्प्यांची नोंद हजर करण्याचा हुकूम व्हावा असा वेगळा अर्ज त्याच दिवशी दिला, आणि पुढच्या तारखेला प्रथम त्यावर सुनावणी व्हावयाची आहे.